युरोप ‘परमनंट’ होता, आता ‘कंत्राटी’ झालाय

माझा एक जुना विद्यार्थी चाकण एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत कामाला आहे. २९ जानेवारीला गुरुवार होता, म्हणजे आपल्या पट्ट्यातला सुट्टीचा वार. जोहरनंतर मशिदीबाहेर भेटला आणि मोबाईलवरची बातमी पुढे करून म्हणाला, “सर, युरोपशी करार झाला म्हणे. मर्सिडीज स्वस्त होणार. मग ती इथं बनवायची कशाला? आपलं काय?”

प्रश्न बिनतोड होता. तिथल्या तिथे मला नीट उत्तर देता आले नाही. कारण हा करार दिल्लीत झाला असला तरी त्याची घाई दिल्लीत सुरू झालेली नव्हती. दहाच दिवस आधी, १७ जानेवारीला, डोनाल्ड ट्रम्प यांनी डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फिनलंड या आठ देशांना धमकी दिली होती : ग्रीनलँड अमेरिकेला मिळू द्या, नाहीतर १ फेब्रुवारीपासून तुमच्या मालावर १० टक्के जादा आयातशुल्क, पुढे जूनपासून २५ टक्के. हे आठही देश नाटोचे सदस्य. म्हणजे ज्यांचे रक्षण करायची शपथ अमेरिकेने घेतलेली आहे, तेच. २१ तारखेला दावोसमध्ये नाटोचे सरचिटणीस मार्क रुट यांच्याशी बोलणे झाल्यावर ट्रम्प यांनी धमकी मागे घेतली. आणि २७ तारखेला युरोपियन युनियनच्या नेत्या उर्सुला फॉन डेर लायन दिल्लीत भारताबरोबरचा मुक्त व्यापार करार पूर्ण झाल्याचे जाहीर करत होत्या. २००७ मध्ये सुरू झालेली, २०१३ मध्ये थांबलेली आणि २०२२ मध्ये पुन्हा उघडलेली ही बोलणी होती. इतकी वर्षे गाड्यांचे शुल्क, दारू, दूध यांवर अडून बसलेले दोन्ही पक्ष अचानक मवाळ का झाले? एकाला अमेरिकेने घाबरवले होते, दुसऱ्यावर अमेरिकेने ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्के शुल्क लावले होते. मार खाल्लेली दोन पोरे वर्गात एका बाकावर येऊन बसतात, तसे झाले.

नाटो म्हणजे काय, हे चाकणच्या पोराला समजावायला फार वेळ लागत नाही. परमनंट आणि कंत्राटी यातला फरक त्याला पाठ असतो. परमनंट माणसाला रोज सकाळी गेटवर ‘आज घेतील का’ असा विचार करावा लागत नाही. तो कर्ज काढतो, घर बांधतो, पोरांना चांगल्या शाळेत घालतो. कंत्राटी माणूस तेच मशीन चालवतो, कधी जास्त चांगले चालवतो, पण सहा-सात महिन्यांनी त्याला ‘ब्रेक’ मिळतो आणि पुन्हा घ्यायचे की नाही हे दुसरा कोणीतरी ठरवतो. ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी जो करार केला, त्याच्या पाचव्या कलमाने पश्चिम युरोपला सुरक्षेच्या बाबतीत परमनंट केले. एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला. आज सदस्य ३२ आहेत. हे कलम आजवर एकदाच वापरले गेले, आणि तेही युरोपसाठी नाही तर अमेरिकेसाठी, ११ सप्टेंबर २००१ नंतर. डेन्मार्कसारख्या छोट्या देशाचे चाळीसहून अधिक सैनिक अफगाणिस्तानात मेले. (त्या युद्धात अफगाण जनतेचे काय झाले, हा वेगळा आणि कितीतरी मोठा हिशेब आहे. तो कोणी मांडतही नाही.) त्याच डेन्मार्कला आज अमेरिका सांगते, तुझी जमीन दे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘युरोप स्वतःच्या संरक्षणावर खर्च करत नाही’ ही अमेरिकेची तक्रार ट्रम्प यांनी शोधून काढलेली नाही. २०११ मध्ये ओबामांचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स ब्रुसेल्सला जाऊन हेच सुनावून आले होते. २०१४ मध्ये वेल्समधल्या परिषदेत नाटो देशांनी जीडीपीच्या २ टक्के खर्च करण्याचे वचन दिले, आणि बऱ्याच देशांनी ते पुढची आठ-नऊ वर्षे पाळले नाही. ट्रम्प यांनी बदलले ते एवढेच, की हिशेब सर्वांसमोर मांडला आणि ‘पैसे नसतील तर गॅरंटी नाही’ हे उघड बोलून दाखवले. २८ फेब्रुवारी २०२५ ला व्हाइट हाउसमध्ये कॅमेऱ्यांसमोर झेलेन्स्कींना जे ऐकवले गेले, ते युक्रेनइतकेच बर्लिन आणि वॉर्सासाठी होते. त्याच वर्षी जूनमध्ये हेगच्या परिषदेत २०३५ पर्यंत ५ टक्क्यांचे लक्ष्य ठरले, साडेतीन टक्के थेट लष्करावर आणि दीड टक्का रस्ते-पूल-सायबर वगैरेंवर. जुलैत स्कॉटलंडमध्ये ट्रम्प यांच्याच गोल्फ मैदानावर युरोपने आपल्या बहुतेक मालावर १५ टक्के शुल्क मान्य केले. सुरक्षा हातची जाईल या भीतीने व्यापारात मान तुकवली, असेच मी त्याचे वाचन करतो.

करार रद्द झालेला नाही, हेही खरे. अमेरिकेचे सैन्य युरोपात आहे. उलट अमेरिकन काँग्रेसने डिसेंबर २०२५ च्या संरक्षण कायद्यात ७६ हजारांच्या खाली सैन्य नेण्यावर अटी घातल्या आहेत. पण परमनंट कामगाराला एकदा मॅनेजरने सर्वांसमोर ‘तुझा पगार मला परवडत नाही’ असे म्हटले, की पत्र हातात पडले नसले तरी त्या दिवसापासून तो मनाने कंत्राटीच होतो. युरोपचे नेमके हेच झाले आहे.

याचा आपल्या पट्ट्याशी संबंध काय? संबंध जुना आहे, आपल्या लक्षात येत नाही इतका जुना. आपल्या घराघरांत ज्या स्कूटरवरून अब्बा कामाला जायचे, तिची कुळी बघा. इटलीची पियाज्जो ही कंपनी दुसऱ्या महायुद्धात विमाने बनवत होती. पाँतेदेरातला तिचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्ध हरलेल्या देशात विमाने कोण घेणार? म्हणून कोराडिनो दास्कानियो या विमान-इंजिनिअरने १९४६ मध्ये व्हेस्पा बनवली. साठच्या दशकात बजाजने पियाज्जोच्या परवान्याने तीच स्कूटर भारतात बनवली आणि आकुर्डीचे नाव देशभर झाले. फोक्सवॅगनचा वुल्फ्सबर्गचा कारखाना युद्धात सक्तीच्या मजुरांकडून लष्करी वाहने बनवून घेत होता, युद्धानंतर आयव्हन हर्स्ट या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तो मोटारींसाठी पुन्हा सुरू केला. डाइमलर-बेंझने १९५४ मध्ये टेल्कोशी करार केला. १९९४ मध्ये मर्सिडीज भारतात आली तेव्हा तिची पहिली सोय पिंपरीत टेल्कोच्या आवारातच झाली. २००९ मध्ये मर्सिडीज आणि फोक्सवॅगन दोघेही चाकणला आले. दापोडीच्या रस्त्यावर सँडविक, अल्फा लाव्हाल, अ‍ॅटलस कॉप्को आणि चिंचवडला एसकेएफ, या सगळ्या स्वीडनमधून आलेल्या कंपन्या.

म्हणजे बघा, तोफा-विमाने बनवणारा युरोप मोटारी, बेअरिंगे, स्कूटर बनवायला मोकळा झाला, कारण पहारा अमेरिका देत होती. वाचलेला पैसा इस्पितळांत, तांत्रिक शाळांत, निर्यातीत गेला. त्या निर्यातीचे एक टोक आपल्या पट्ट्यात येऊन टेकले. पिंपरी-चिंचवडची भरभराट ही आपल्या कामगारांच्या घामाची कमाई आहे, यात वाद नाही. पण ज्या जगात ती शक्य झाली, त्या जगाच्या पाठीशी अमेरिकेचा हात होता.

आता गाडी उलट्या दिशेने निघाली आहे. मार्च २०२५ मध्ये जर्मनीने आपली घटना दुरुस्त केली, संरक्षणखर्चाला कर्जमर्यादेतून सूट दिली आणि शिवाय पायाभूत सोयींसाठी ५०० अब्ज युरोंचा निधी काढला. युरोपियन युनियनने ८०० अब्ज युरोंपर्यंत शस्त्रसज्जतेची योजना मांडली. दुसरीकडे फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये युनियनशी समझोता करून २०३० पर्यंत जर्मनीत ३५ हजार नोकऱ्या कमी करायचे ठरवले. तिच्या ओस्नाब्रुकच्या कारखान्यात २०२७ नंतर काय बनणार, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा ऱ्हाइनमेटाल या तोफा-दारूगोळा कंपनीच्या प्रमुखाने तो कारखाना आपल्याला सोयीचा ठरेल असे बोलून दाखवले. याच ऱ्हाइनमेटालने बर्लिन आणि नॉइसमधले मोटारींचे भाग बनवणारे आपले कारखाने लष्करी मालाकडे वळवायला घेतले आहेत. १९४६ मध्ये विमानाच्या कारखान्यातून स्कूटर निघाली. २०२६ मध्ये मोटारीच्या कारखान्यातून तोफगोळा निघणार अशी लक्षणे आहेत. आणि ऑस्ट्रियाची केटीएम नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीत निघाली तेव्हा तिला सावरले कोणी? आकुर्डीच्या बजाजने. ज्यांच्याकडे आपण परवाने मागायला जायचो, त्या खंडातल्या कंपनीची मालकी आता आपल्याकडे आहे. छाती फुगावी अशी गोष्ट आहे खरी, पण गिऱ्हाइकाची अवस्था वाईट झाली की दुकानदाराने फार हसू नये.

अमेरिका निघून जाते म्हणजे नेमके कसे होते, हे वॉर्सा-बर्लिनला आत्ता कळते आहे. तळेगावला ते आधीच कळले. जनरल मोटर्सने २००८ मध्ये तळेगावात गाड्या बनवायला सुरुवात केली. मार्च २०१७ मध्ये तिने युरोपातली आपली ओपेल कंपनी फ्रान्सच्या पीएसएला विकायचे जाहीर केले आणि दोनच महिन्यांनी, मे २०१७ मध्ये, भारतात गाड्या विकणे थांबवत असल्याचे सांगितले. नफा नाही तिथे राहायचे नाही, एवढाच विचार, आणि त्यात युरोप व भारत एकाच यादीत. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन बंद झाले. हजाराहून अधिक कायम कामगारांनी उपोषणे केली, कोर्टकचेऱ्या केल्या. आज त्या जागेत ह्युंदाईच्या गाड्या निघतात, ऑक्टोबर २०२५ पासून. जागा रिकामी राहत नाही. पण आधीची माणसे पुन्हा आत येतातच असे नाही.

मार्च २०२५ मधला एक प्रसंग मला सगळ्यात बोलका वाटतो. अमेरिकेचे मंत्री मोबाईलवरच्या एका खासगी ग्रुपमध्ये येमेनमधल्या हूथींवर हल्ला कधी करायचा याची चर्चा करत होते आणि ‘द अटलांटिक’ मासिकाच्या संपादकाला चुकून त्या ग्रुपमध्ये घेतले गेले. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर होते तशी चूक! त्यातून जगाला कळले की उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांचा आक्षेप असा होता : सुएझमधून युरोपचा ४० टक्के व्यापार जातो, अमेरिकेचा जेमतेम ३ टक्के, मग पुन्हा युरोपला आपणच का सोडवायचे? संरक्षणमंत्र्यांनीही युरोपच्या फुकटेपणाबद्दल चीड व्यक्त केली. ज्या येमेनवर बॉम्ब पडायचे होते, तिथल्या माणसांचा त्या हिशेबात रकानाच नव्हता.

आणखी एक रकाना त्यात नव्हता, आपला. न्हावाशेवाहून रॉटरडॅम-हॅम्बुर्गला जाणारा चाकण-भोसरीचा माल त्याच तांबड्या समुद्रातून जायचा. नोव्हेंबर २०२३ नंतर जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवासात दहा ते चौदा दिवस वाढले. कंटेनरचे भाडे वाढले की मोठी कंपनी दर नव्याने ठरवते, तिला माल पुरवणाऱ्या छोट्याला मात्र तेच दर आणि वर उशिरा मिळणारे पैसे. आणि त्या छोट्याच्या हाताखालचा पोरगा, त्याचा ओव्हरटाइम बंद. गाझावर बॉम्ब पडतात, हूथी जहाजे अडवतात, अमेरिका आणि युरोप बिल कोणी भरायचे यावर भांडतात आणि कुरुळीच्या एका शेडमध्ये संध्याकाळी मशीन लवकर बंद होते. साखळी अशी आहे.

दुसरी साखळी मेक्सिकोची. चाकणला बनलेल्या फोक्सवॅगनच्या गाड्या मेक्सिकोला निर्यात होतात. डिसेंबर २०२५ मध्ये मेक्सिकोच्या संसदेने, ज्यांच्याशी व्यापार करार नाही अशा देशांच्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क मंजूर केले, त्यात मोटारीही आल्या आणि भारतही आला. निशाणा मुख्यतः चीन, आणि मेक्सिकोने हे अमेरिकेची मर्जी राखण्यासाठी केले असे बहुतेक जाणकारांचे मत आहे. कंपनी जर्मन, कारखाना आपला, बाजार मेक्सिकोचा, आणि भाव ठरवणारा वॉशिंग्टनमध्ये.

आपल्या वाचकांसाठी या विषयाची आणखी एक बाजू आहे, जी मराठी वृत्तपत्रांत सहसा येत नाही. युरोपच्या सुरक्षेची चर्चा म्हणजे फक्त रशिया-युक्रेन नव्हे. बोस्नियाही युरोपातच आहे. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. ते संयुक्त राष्ट्रांनी घोषित केलेले ‘सुरक्षित क्षेत्र’ होते, तिथे डच शांतिसैनिक तैनात होते. युरोपच्या अंगणात, युरोपच्या पहाऱ्याखाली हे झाले. शेवटी नाटोची विमाने उडाली आणि समझोता घडवला गेला तो ओहायोतल्या डेटनच्या अमेरिकन हवाईतळावर. अमेरिकेचे हात इराकपासून गाझापर्यंत किती रंगलेले आहेत, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. तरीही बोस्नियाच्या आणि कोसोव्होच्या मुसलमानांना अमेरिकेच्या जाण्याची भीती वाटते, ही वस्तुस्थिती आहे. बोस्नियातले सर्ब नेते मिलोराद दोदिक वर्षानुवर्षे फुटून निघण्याची भाषा करतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने त्यांच्यावरचे निर्बंध उठवले. आता तिथे युरोपियन युनियनचे छोटेसे दल पहारा देते. १९९५ चा अनुभव असलेल्या आईला त्या दलाकडे बघून झोप लागत असेल का?

दुसरी गोष्ट, युरोपातल्या सुरक्षेच्या चर्चेत मुसलमान हाच ‘धोका’ म्हणून आणला जातो आहे. १४ फेब्रुवारी २०२५ ला म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत व्हान्स उभे राहिले. सगळ्यांना वाटले रशियावर बोलतील. ते म्हणाले युरोपला खरा धोका आतून आहे, आणि स्थलांतराकडे बोट दाखवले. त्याच दौऱ्यात जर्मनीतल्या एएफडी या कडव्या उजव्या पक्षाच्या नेत्या ॲलिस वायडेल यांना ते भेटले. डिसेंबर २०२५ च्या अमेरिकन सुरक्षा धोरणात तर युरोपची संस्कृतीच पुसली जाण्याची भीती घातली आहे. यात रशियाच्या रणगाड्यांपेक्षा बर्लिनमधला तुर्की केबाबवाला आणि मार्सेयमधली हिजाब घालणारी मुलगी मोठा धोका ठरतात. ही भाषा आपल्याला ओळखीची वाटली, तर नवल नाही.

आणि गंमत अशी की त्याच युरोपला आज तुर्कस्तानची गरज पडली आहे. तुर्कस्तान १९५२ पासून नाटोत आहे, त्यातले दुसऱ्या क्रमांकाचे सैन्य त्याचे आहे. युरोपियन युनियनच्या दारात तो १९९९ पासून अधिकृत उमेदवार म्हणून उभा आहे, दार उघडत नाही. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनने त्याला २० टायफून लढाऊ विमाने विकण्याचा करार केला, आणि ड्रोन बनवणाऱ्या तुर्की बायकारने इटलीची पियाज्जो एअरोस्पेस विकत घेतली. होय, त्याच पियाज्जो घराण्याची विमानांची शाखा. आपल्यातल्या काही उत्साही मंडळींनी यावर ‘खिलाफतची शान परत आली’ असे स्टेटस ठेवले. भाईंनो, जरा दमाने. हा धंदा आहे. अंकारा आपले हित बघते, जसे सगळे बघतात.

पॅलेस्टाईनबद्दल थोडक्यात. मे २०२४ मध्ये स्पेन, आयर्लंड, नॉर्वे यांनी आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल यांनी पॅलेस्टाईनला मान्यता दिली. अमेरिकेची नाराजी पत्करून दिली, हे मोठे पाऊल होते. पण ते इतके उशिरा पडले की मान्यता द्यायला गाझात काय उरले होते, असा प्रश्न पडावा. शस्त्रांसाठी पैसा उभा करताना ब्रिटनने गरीब देशांना दिली जाणारी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचे ठरवले आहे. ती मदत ज्यांना मिळते त्यांतले कितीतरी देश आपल्या उम्मतचे आहेत.

आता आपल्या दारातला अवघड प्रश्न. युरोपला तोफगोळे हवे आहेत आणि आपल्या परिसरात ते बनवण्याची परंपरा आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, देहूरोडला ऑर्डनन्स फॅक्टरी. पुण्याच्या भारत फोर्जला आणि टाटाच्या संरक्षण कंपनीला मार्च २०२५ मध्ये भारतीय लष्कराच्या ३०७ तोफांची सुमारे ६,९०० कोटींची ऑर्डर मिळाली. त्या तोफेचा आराखडा पाषाणच्या संशोधन संस्थेतला. देशाच्या संरक्षणासाठी तोफ बनते, त्यात आपल्या पोरांचा हात लागतो, अभिमानच आहे. पण सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की भारतातून युरोपियन गिऱ्हाइकांना विकलेले तोफगोळे पुढे युक्रेनला पोहोचले. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने ही बातमी तर्कावर आधारलेली आणि दिशाभूल करणारी असल्याचे सांगून फेटाळली. खरेखोटे काहीही असो, युरोपची शस्त्रखरेदी जशी वाढेल तशा अशा ऑर्डरी आपल्याकडे येणार. करार ज्या दिवशी जाहीर झाला त्याच दिवशी भारत आणि युरोपियन युनियनने संरक्षण सहकार्याचाही करार केला, त्याकडे कुणाचे फार लक्ष गेले नाही. उद्या माझाच विद्यार्थी विचारेल, “सर, मी घासून गुळगुळीत केलेला गोळा कुठं पडणार?” त्याने काम सोडावे असे मी सांगू शकणार नाही, त्याच्या घरची चूल मला माहीत आहे. पण हा प्रश्न विचारणारा मुलगा मला आवडेल.

राहिला मूळ प्रश्न, मर्सिडीजचा. करारानुसार युरोपातून तयार येणाऱ्या गाड्यांवरचे ११० टक्क्यांपर्यंतचे शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर येईल, आणि तेही वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या मर्यादेत. करार लागू व्हायला युरोपियन संसदेची मंजुरी लागेल, म्हणजे उद्या सकाळी काही बदलत नाही. मर्सिडीज आपल्या देशात विकते त्यातल्या बहुतेक गाड्या चाकणला जोडलेल्या असतात, कारण तयार गाडी आणणे महाग पडत होते. शुल्क उतरले की ‘जोडणी इथेच का’ हा सवाल स्टुटगार्टमध्ये कधीतरी उठणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मला खरी काळजी मर्सिडीजच्या लाइनची नाही. तिथली माणसे थोडी आणि कसबी आहेत. काळजी आहे ती भोसरी-तळवडे-कुरुळीच्या छोट्या शेडची. आपले सुटे भाग युरोपात जातात त्यांवर आधीच जेमतेम तीन ते साडेचार टक्के शुल्क होते, ते शून्य झाले तरी फार मोठा फरक पडत नाही. उलट १ जानेवारी २०२६ पासून पोलाद-ॲल्युमिनियमच्या मालावर युरोपचा कार्बन कर प्रत्यक्ष लागू झाला आहे आणि मुक्त व्यापार करारातही त्यातून सुटका मिळालेली नाही. नटबोल्ट बनवणाऱ्याने आपल्या पोलादामागे किती कार्बन जळला याचा कागद द्यायचा. ज्याचे वीजबिल कुणाच्या नावावर आणि शेड कुणाच्या जागेवर याचाच मेळ नाही, तो हा कागद कुठून आणणार? म्युनिकमध्ये व्हान्स भाषण देत होते त्याच आठवड्यात आपल्या कुदळवाडी-चिखलीत महापालिका अनधिकृत ठरवलेली हजारो बांधकामे पाडत होती. भंगाराची गोदामे, छोटी वर्कशॉप, त्यांत आपले किती जण होते हे वेगळे सांगायला नको. त्यातले काही जण अजून नवी जागा शोधत आहेत. ‘सुरक्षा’ हा शब्द ऐकला की मला आधी तेच आठवतात.

माझ्या मते या छोट्या कारखानदारांच्या संघटनांनी आणि आपल्या समाजातल्या व्यापारी मंडळींनी एकत्र येऊन कार्बनच्या हिशेबाची एखादी सामायिक सोय करायला हवी, एकट्यादुकट्याला ते झेपणार नाही. जमातखान्याच्या बांधकामाला वर्गणी जमते, तर एका जाणकार माणसाचा पगार जमायला हरकत नसावी.

हे सगळे त्या मुलाला मी पुढच्या गुरुवारी सांगितले, अर्थात एवढे लांबवून नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग जर्मन शिकू का?” मला हसू आले, पण प्रश्न काही वेडगळ नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, मर्सिडीजचे स्टुटगार्ट तिथलेच. आणि १ जानेवारी २०२६ पासून जर्मनी अठरा वर्षांच्या मुलांना लष्करात येणार का, अशी प्रश्नावली पाठवू लागला आहे. त्यांची पोरे बराकीत गेली, तर इलेक्ट्रिशियन आणि फिटर कोठून तरी आणावे लागतील. एएफडीला मते देणाऱ्या गावात आपला पोरगा कसा राहील, ते मी त्याला विचारले. तो म्हणाला, “सर, आत्ता राहतो त्या खोलीचा मालक तरी कुठं खूश आहे.”

त्याचा ब्रेक मार्चअखेरीस आहे. तोपर्यंत मोबाईलवर जर्मन आकडे तरी पाठ करतो म्हणाला, आणि शुक्रवारी पहिली पाळी होती म्हणून लवकर निघाला.